बोंडातली उत्क्रांती

२०१७ च्या नोव्हेंबरात मामूंनी मला शेतात बोलावून घेतलं. घाटंजी तालुक्यात त्यांचं सात एकर रान आहे. त्या वर्षी पाच एकरांत पऱ्हाटी होती. लांबून पीक जोरात दिसत होतं, छातीला लागेल एवढं वाढलेलं, बोंडांनी लगडलेलं. मामूंनी एक हिरवं बोंड तोडलं, दगडावर ठेवलं आणि विळ्यानं चिरलं. आत गुलाबी अळी सरकीत तोंड खुपसून बसली होती. दुसरं बोंड चिरलं, तिसरं चिरलं. दहा बोंडांत सात किडकी निघाली.

"बेटा, हे बीटीचंच बियाणं आहे ना? दुकानदारानं सांगितलं होतं, अळीनं खाल्लं की अळी मरते. मग ही काय खाऊन एवढी जाड झाली?"

(मामू आमच्या घरच्या हिंदीत बोलतात, मी इथं मराठीत देतोय.)

मी विज्ञानाचा मास्तर. वीस-बावीस वर्षं मुलांना उत्क्रांती शिकवलेली. इंग्लंडमधल्या त्या पतंगाची गोष्ट, कारखान्यांच्या धुरानं झाडं काळी पडली आणि पांढऱ्या पतंगांच्या जागी काळे पतंग वाढले, ती तर तोंडपाठ. मामूंच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. ते माझ्या तोंडून निघेना, त्याचं कारण २००४ सालचं आहे.

त्या वर्षी मामूंनी पहिल्यांदा बीटी बियाणं घेतलं. साडेचारशे ग्रॅमचं पाकीट तेव्हा सोळाशे रुपयांच्या वर होतं आणि त्यासाठी त्यांनी उसनवारी केली होती. पाकिटाबरोबर आणखी एक लहान पिशवी आली, एकशेवीस ग्रॅमची. तिच्यावर इंग्रजीत काही लिहिलेलं होतं. घरात शिकलेला मी एकटाच, म्हणून त्यांनी ती माझ्यापुढे धरली. "हे काय आहे?" मी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणालो, "साधं बियाणं आहे मामू, बिनबीटीचं. सरकारी नियम आहे म्हणून देतात. नांगे भरायला वापरा." त्यांनी तसंच केलं. जिथं जिथं बी उगवलं नाही तिथं तिथं ते टाकलं, उरलेलं बांधावर सांडलं. आमच्या गावातच काय, पंचक्रोशीत त्या पिशवीचं दुसरं काही झाल्याचं मी ऐकलं नाही. लोक तिला "रेफ्युजी" म्हणायचे. हा शब्द कुठून आला, याचा विचार मीही केला नव्हता.

आम्ही पिंजाऱ्याच्या घरातले. दादा गावोगाव पिंजण घेऊन फिरायचे, लोकांच्या गाद्या-रजयांची रुई पिंजून द्यायचे. त्यामुळे कापसाशी नातं शेतकऱ्यापेक्षा थोडं वेगळं, पण जुनं. दादा सांगायचे की पिवळट डाग पडलेली रुई हातात आली की समजावं, सरकीत अळी होती. इंग्रजीतला 'कॉटन' हा शब्द अरबी 'कुत्न'वरून गेला आहे, हे मला फार उशिरा कळलं. दादांना सांगितलं असतं तर त्यांना मौज वाटली असती. असो.

अळीसुद्धा आपल्याकडची जुनी आहे. १८४० च्या दशकात भडोचच्या कापसातून गोळा केलेल्या किडीवरून सॉन्डर्स नावाच्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानं तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटलं आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला, तेव्हा आमच्या भागाला सोन्याचे दिवस आले. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जायचा. अमरावतीच्या नावावरून वऱ्हाडी कापूस बाजारात 'उमरा' झाला. मूर्तिजापूर-यवतमाळ या शकुंतला रेल्वेचे रूळ पुढे कापूस वाहायलाच टाकले गेले.

कापूस गेला तशी सरकीही गेली, आणि सरकीत झोपलेली अळीही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती हिंदुस्थानातल्या सरकीबरोबर इजिप्तला पोहोचली, इजिप्तच्या बियाण्याबरोबर १९११ मध्ये मेक्सिकोला, आणि १९१७ मध्ये टेक्ससला. तिथून पुढे ॲरिझोनात. म्हणजे ॲरिझोनातली गुलाबी अळी आणि घाटंजीतली गुलाबी अळी लांबच्या का होईना, बहिणी आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

आता उत्क्रांतीकडे येतो. डार्विनचं पुस्तक १८५९ चं. त्याचा समज असा होता की निसर्गाची निवड फार हळू चालते, आपल्या आयुष्यात ती डोळ्यांना दिसत नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांनीही तेच डोक्यात बसवलं. उत्क्रांती म्हटलं की लाखो वर्षं, डायनोसॉर, माकडाचा माणूस. पण १९१४ मध्येच मेलँडर नावाच्या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञानं एक साधा प्रश्न छापून विचारला होता: फवारणीला किडे सरावू शकतात का? वॉशिंग्टन राज्यात सफरचंदाच्या बागांत चुना-गंधकाच्या फवाऱ्यानं मरणारे खवले किडे काही ठिकाणी मरेनासे झाले होते. १९४६ मध्ये स्वीडनमध्ये घरमाश्यांनी डीडीटीला दाद देणं सोडलं. डीडीटी वापरात येऊन तेव्हा जेमतेम काही वर्षं झाली होती.

वेग मोजण्याचं गणित ज्यांनी पहिल्यांदा नीट मांडलं त्यांतले एक जे. बी. एस. हाल्डेन. १९२४ मध्ये त्यांनी त्याच इंग्लंडच्या पतंगाचा हिशेब केला. १८४८ च्या सुमाराला मँचेस्टरमध्ये पहिला काळा पतंग नोंदला गेला आणि शतक संपायच्या आत तिथले जवळजवळ सगळेच पतंग काळे झाले. एवढा बदल एवढ्या थोड्या पिढ्यांत व्हायचा तर काळ्या पतंगाला पांढऱ्यापेक्षा जवळपास दीडपट फायदा असायला हवा, असं त्यांच्या गणितातून निघालं. पुढे त्यांनी उत्क्रांतीचा वेग मोजायला एक एककही सुचवलं आणि त्याला 'डार्विन' हे नाव दिलं. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. मी हे वर्गात कधी सांगितलं नाही. परीक्षेत येत नाही ना.

वेग कशानं ठरतो? आमच्याकडे वन्यजीव म्हटलं की लोकांना पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वरचा वाघ आठवतो. वाघीण तीन-चार वर्षांची झाल्यावर पिल्लं देते, सगळे वाघ मिळून बोटांवर मोजण्याएवढे. गुलाबी अळीचं एक जीवनचक्र महिना-सव्वा महिन्यात पुरं होतं. एका हंगामात चार-पाच पिढ्या. एका एकर पऱ्हाटीला लाखभर तरी बोंडं लागतात आणि जिल्ह्यात असे लाखो एकर. बीटी कापसाला मंजुरी मिळाली २६ मार्च २००२ ला. तिथून आठ हंगाम धरा, चाळीस पिढ्या होतात. माणसाच्या चाळीस पिढ्या म्हणजे हजार वर्षं. आपल्याला आठ वर्षं वाटतात, अळीच्या घरात तेवढ्यात गझनीच्या महमुदापासून आजपर्यंतचा काळ लोटलेला असतो.

पण नुसत्या पिढ्या मोजून भागत नाही. बदल व्हायला आधी माल लागतो, म्हणजे जिवांमध्ये फरक असावा लागतो. बीटी कापसात एका जिवाणूचं जनुक घातलेलं आहे, त्यामुळे झाडात एक प्रथिन तयार होतं. अळीच्या आतड्यात ते एका विशिष्ट रेणूला चिकटतं, तेव्हा आतडं फाटतं आणि अळी मरते. चिकटायची जागाच बिघडलेली असेल तर विष आलं तसं निघून जातं. असा बिघाड काही अळ्यांत आपोआप, अपघातानं झालेला असतो. बीटीमुळे तो होत नाही, तो आधीपासून असतो. भारतातल्या विषाला न जुमानणाऱ्या अळ्या तपासल्या तेव्हा एकाच जनुकात वेगवेगळ्या जागी मोडतोड झालेली दिसली. एकाच कुलपाची कुणी कडी तोडलेली, कुणी बिजागरी काढलेली.

आणि इथंच मामूंच्या त्या पिशवीचा संबंध येतो. प्रत्येक अळीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. दोन्ही बिघडलेल्या असतील तरच अळी तगते. एक बिघडलेली आणि एक चांगली असेल तर, झाडात विष पुरेसं असेल तोवर, ती मरते. समजा सुरुवातीला हजारात एक प्रत बिघडलेली आहे. मग दोन्ही बिघडलेल्या असणारी अळी दहा लाखांत एक. ही एक बीटीच्या शेतातून जिवंत बाहेर पडली, तिचा पतंग झाला, आणि आजूबाजूला सगळीकडे बीटीच असेल तर तिला जोडीदार भेटणार तो तिच्यासारखाच वाचलेला. त्यांची सगळी पिल्लं तगणारी. पण शेजारी बिनबीटी कापसाच्या काही ओळी असतील तर तिथं साध्या अळ्या सुखानं वाढतात, त्यांचे हजारो पतंग उडतात. वाचलेल्या एका पतंगाची गाठ या हजारांतल्या कुणाशी तरी पडते. पिल्लांना एक बिघडलेली, एक चांगली प्रत मिळते, आणि ती बीटीच्या बोंडात शिरली की मरतात. म्हणून नियम होता: शेताचा पाचवा हिस्सा किंवा भोवती पाच ओळी, यातलं जे जास्त असेल तेवढं बिनबीटी लावा. ती पिशवी त्यासाठी होती. साध्या अळ्यांना आसरा द्यायची जागा, म्हणून 'रेफ्यूज'. लोकांच्या तोंडी त्याचं रेफ्युजी झालं.

मी मामूंना सांगितलं होतं, नांगे भरा.

हे सगळं मला २००४ मध्ये माहीत असायला हवं होतं, असं नाही. पण पिशवीवरचा कागद वाचायला हवा होता. दोन प्रतींचं गणित मी मेंडेलच्या वाटाण्यावर दरवर्षी फळ्यावर करतच होतो.

ॲरिझोनाकडे पाहिलं की हे जास्त टोचतं. तिथं बीटी कापूस १९९६ पासून. १९९७ मध्ये तिथल्या अळ्या तपासल्या तेव्हा बिघडलेल्या प्रती शास्त्रज्ञांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघाल्या. म्हणजे पराभवाचं बी तिथंही पेरलेलं होतं, आमच्यापेक्षा कमी नाही. पण तिथल्या शेतकऱ्यांनी आसऱ्याचे पट्टे खरोखर लावले, त्यावर देखरेख झाली, आणि पुढची दहा वर्षं ते प्रमाण वाढलं नाही. २००६ पासून त्यांनी वांझ केलेले पतंग विमानातून अब्जावधींनी सोडले. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेनं जाहीर केलं की कापसाच्या शेतांतून गुलाबी अळी हद्दपार झाली. इकडे मार्च २०१० मध्ये बियाण्याच्या कंपनीनंच कबूल केलं होतं की गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागड आणि राजकोट जिल्ह्यांत ती पहिल्या बीटीला जुमानत नाही. तोवर दोन जनुकांचं बियाणं आलं होतं, २००६ पासून. २०१४-१५ पर्यंत गुजरातेत तेही हरलं, आणि २०१७ ला आमच्या बोंडांत काय होतं ते वर सांगितलंच आहे. जात एक, जनुक एक, मूळ गावही एक. वेग वेगळा.

मग दोष शेतकऱ्याचाच? तसं म्हणणारे पुष्कळ भेटतात, एसी खोलीत जास्त. मी स्वतःही काही काळ तसंच मानत होतो आणि त्यात माझी चूक मोठी धरत होतो. पण जितकं वाचत गेलो तितकं दिसलं की पिशवी हा हिशेबातला एक आकडा आहे, सगळा हिशेब नाही.

पहिली गोष्ट, पाच एकरांतला पाचवा हिस्सा अळीला वाहणं मामूंना परवडणारं नव्हतं. ॲरिझोनातल्या शेकडो एकरांच्या मालकाला ते जमतं. शिवाय त्या ओळींचा फायदा शेजाऱ्याच्या शेताला, तोटा मात्र स्वतःला. असा त्याग एकट्यानं करायला सांगणारी कोणतीही योजना आपल्या गावांत चालत नाही, हे ग्रामपंचायतीत एक वर्ष काढलेल्या माणसालाही कळतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. अमेरिकेत बीटी कापसाचं सरळ वाण असतं. आपल्याकडे बीटी आलं ते संकरित बियाण्यात. १९७० मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी एच-४ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस दिला, तेव्हापासून संकरित बियाण्याची आपल्याला सवय. संकरित बियाणं घरचं धरता येत नाही, दरवर्षी विकत घ्यावं लागतं. कंपन्यांना ते सोयीचं. पण संकरित झाडात बीटीची एकच प्रत असते. त्यामुळे त्याच्या बोंडातल्या सरक्या सारख्या नसतात: चारांत तीन विषारी, एक बिनविषारी. दोन जनुकांचं बियाणं असलं तर सोळांत नऊ सरक्यांत दोन्ही विषं, सहांत कुठलंतरी एकच, आणि एकीत काहीच नाही. गुलाबी अळी पानं खात नाही, ती सरकी खाते. म्हणजे तिला एकाच बोंडात विषाच्या चढत्या पायऱ्या तयार मिळाल्या. बिनविषारी सरकीवर जोर धरायचा आणि मग पुढच्या सरकीकडे वळायचं. एक प्रत बिघडलेली अळी, जी मरायलाच हवी होती, ती इथं तगू लागली. शिवाय झाड म्हातारं होत जातं तसं त्यातलं विष कमी होतं, हे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्येच दाखवलं होतं. कमी मात्रेचं विष म्हणजे अळीसाठी अर्धवट शिकवणीच.

चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात याच्या उलट घडलं. तिथं शेतकऱ्यांनी संकरित कापसाचं दुसऱ्या पिढीचं स्वस्त बियाणं पेरलं. त्यात चारातलं एक झाड आपसूक बिनबीटी निघालं. कुणी नियम केला नव्हता, तरी शेतभर आसरा उभा राहिला आणि गुलाबी अळीचा प्रतिकार मागे हटला. २०१७ मध्ये, आमच्याकडे बोंडं चिरली जात होती त्याच वर्षी, हा अभ्यास छापून आला. दोन्हीकडे चारांत एक बिनविषारी. तिकडे तो एक म्हणजे अख्खं झाड, इकडे बोंडातली एक सरकी. एवढ्या फरकानं वेग फिरला.

तिसरी गोष्ट फरदड. कपाशीला पाणी देऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवली की दोन वेचे जास्त मिळतात, आणि अळीलाही दोन पिढ्या जास्त. थंडीत झोपी जाणारी पिढी मग सरकीत, पऱ्हाट्यांच्या ढिगात, जिनिंगच्या आवारात जूनची वाट पाहत राहते. पांढरकवड्याच्या बाजारात तेलंगणाकडचा माल येतो, आमचा आदिलाबादला जातो. ट्रकमधल्या सरकीला सीमा ठाऊक नसते.

आता हिरवी बोंडअळी घ्या, जिला आपण अमेरिकन म्हणतो. १९८७ मध्ये आंध्रात तिनं नव्या फवाऱ्यांना हरवून कापूस खाऊन टाकला होता. बीटी खरं तर तिच्यासाठीच आलं. ती गुलाबी अळीइतक्या वेगानं का बदलली नाही? कारण ती फक्त कापसावर जगत नाही. तूर, हरभरा, टमाटर, जे मिळेल ते खाते. आमच्या वऱ्हाडात पऱ्हाटीत तुरीच्या ओळी टाकायची जुनी रीत. कुणी न सांगता तो तिचा आसरा झाला. गुलाबी अळीला कापसाशिवाय जवळजवळ दुसरं काही चालत नाही, आणि नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस बीटी झालेला. तिच्यापुढे दोनच रस्ते होते, बदलणं किंवा संपणं.

एक गोष्ट मामूंना कळत नव्हती, आणि ती रास्त होती. "मागच्या-मागच्या वर्षी तर एकही अळी नव्हती. एकदम कशी आली?" ती एकदम आलीच नव्हती. दोन प्रतींच्या गणिताची हीच तर गंमत. बिघडलेली प्रत हजारात एक असते तेव्हा ती साध्या प्रतीच्या आडोशाला लपून असते, निवडीच्या हाती लागत नाही. वर्षानुवर्षं शेतात काही दिसत नाही. ती दहात एक झाली की शंभरात एक अळी तगते, आणि दोनात एक झाली की चारांत एक. पहिला टप्पा गाठायला दहा वर्षं, दुसरा दोन-तीन हंगामांत. डोळ्यांना दिसतं तेव्हा शर्यत संपत आलेली असते.

त्या २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात आणखी काय झालं, ते साऱ्या देशानं वाचलं. फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. सगळी फवारणी गुलाबी अळीसाठी होती असं म्हणणं खोटं ठरेल. तुडतुडे, पांढरी माशी, सगळंच होतं, आणि एका पंपात दोन-तीन औषधं मिसळली जात होती. पण बोंडअळीची भीती त्यात होतीच. मामूंच्या शेतात फवारणारा गडी रात्री उलट्या करू लागला, त्याला दिसेनासं झालं. नऊ दिवस यवतमाळला होता. वाचला. अळी अंड्यातून निघाल्यावर तासा-दोन तासांत बोंडात शिरते आणि भोक बुजतं. वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. ते त्या गड्याच्या फेफड्यांत पोहोचलं.

हे सगळं मी एकदा मोहल्ल्यातल्या हाफिजजींना सांगत होतो. त्यांचीही तीन एकर पऱ्हाटी बुडाली होती. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही याला उत्क्रांती म्हणता. पण अळी अळीच राहिली, तिचा विंचू तर झाला नाही." आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी म्हणालो, बरोबर, अळीच राहिली. पण जिवांत फरक असणं, तो पिल्लांकडे जाणं, आणि त्यातले काही मरून काही उरणं, हे तीन पाय तुमच्या शेतात उभे आहेत. चाळीस पिढ्यांत एवढं चाललं तर चाळीस लाख पिढ्यांत किती, एवढाच वाद उरतो. त्यांनी मान्य केलं नाही. "फरदड मात्र यंदापासून बंद," एवढं म्हणाले. मला तेवढं पुष्कळ होतं.

आपल्यात दुसऱ्या टोकाचेही लोक आहेत. डार्विनचं नाव निघालं की ते नवव्या शतकातल्या बसऱ्याच्या अल-जाहिझला पुढे करतात: त्याच्या 'किताब अल-हयवान'मध्ये सगळं आधीच लिहिलंय. जाहिझनं प्राण्यांच्या खाण्या-खाल्ले जाण्याविषयी, परिसराच्या परिणामाविषयी विलक्षण बारकाईनं लिहिलं, हे खरं. इब्न खल्दूननं 'मुकद्दिमा'त खनिजापासून वनस्पती, प्राणी, माकड, माणूस अशी पायऱ्यांची मांडणी केली, हेही खरं. पण पायऱ्या सांगणं वेगळं आणि त्यावरून चढायचा वेग कशानं ठरतो ते मोजणं वेगळं. त्यांना ओढूनताणून डार्विनचे बाप केल्यानं त्यांचा मोठेपणा वाढत नाही. जाहिझचा जो गुण घ्यावासा वाटतो तो असा की तो किड्यामुंग्यांकडे स्वतः पाहत बसायचा. मी पिशवीकडेसुद्धा नीट पाहिलं नव्हतं.

२०१८ पासून दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. तो मी आता जूनमध्ये शिकवत नाही, दिवाळीनंतर घेतो. मुलं घरच्या शेतातून प्रत्येकी दहा बोंडं आणतात, आम्ही ती वर्गात चिरतो, मोजतो, फळ्यावर मांडतो. अळीनं दोन सरक्या एकमेकींना चिकटवून आत घर केलेलं असतं, ते पाहून मुली किंचाळतात आणि मग त्याच सगळ्यांत जास्त मोजतात. कुणाच्या शेतात फरदड होती, कुणी डिसेंबरात पऱ्हाट्या उपटल्या, तेही लिहून ठेवतो.

मामूंना २००४ ची गोष्ट मी अखेर सांगितली, त्या पिशवीत काय होतं आणि मी काय सांगायला हवं होतं ते. ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "तू सांगितलं असतंस तरी मी पाच ओळी लावल्या नसत्या. सोळाशे रुपये उसने आणले होते."

आता बिनबीटी बियाणं त्याच पाकिटात मिसळून येतं, वेगळी पिशवी नाही. मागच्या जूनमध्ये मामूंनी दुकानातून फोन केला. पाकिटात दुसरी पिशवी दिसत नाही, दुकानदारानं काढून घेतली का, असं विचारत होते. मी सांगितलं, आत मिसळलेली आहे. "म्हणजे आता बांधावर सांडताही येत नाही," ते म्हणाले आणि हसले. तीन एकर पऱ्हाटी लावली आहे, दोन-दोन ओळींत तूर, बाकी सोयाबीन. चार कामगंध सापळे मी नेऊन दिले. सलग तीन रात्री आठाहून जास्त पतंग पडले तर मला फोन करायचा, असं ठरलं आहे. परवापर्यंत तरी फोन आलेला नाही. रविवारी डोमकळ्या शोधायला जाणार आहे.